मातीची हाडं

“आता पाचव्यांदा सांगते साहेब, ही हाडं न्हाईत. माती हाय. भाजलेली माती,” सत्यभामा म्हणाली.

तहसीलच्या साहेबांनी पाचव्यांदा चष्मा पुसला. चकलांब्याजवळच्या त्या कोरड्या तळ्यात उन्हानं सगळ्यांचीच टाळकी तापली होती. गाळ उपसताना पोकलेनच्या दातांना मांडीएवढं जाड हाड लागलं, मग दुसरं, मग बरगड्या. कुणीतरी शहाण्यानं तहसीलला फोन केला आणि काम थांबलं.

मजूर सोसायटीचे चेअरमन गहिनीनाथ छत्रीखाली कपाळ धरून बसले होते. मशीन त्यांनी मोठ्या खटपटीनं दहा दिवसांसाठी मिळवलं होतं. त्यातले चार असेच गेले. तळं उपसलं नाही तर पाऊस पडूनही दिवाळीला आटणार आणि पुन्हा टँकरमागं घागरी घेऊन पळायचं. हे त्यांनी साहेबांना नाना परींनी समजावलं होतं. साहेबांचं पालुपद एकच, हाडं जुनी असतील तर तज्ज्ञ येईपर्यंत कुणी फावडंसुद्धा लावायचं नाही.

“तज्ज्ञ कवा येतील?” गहिनीनाथांनी विचारलं.

“पत्र जाईल. मग बघू.”

सत्यभामा कुंभाराची सून. मडक्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तशी ती मातीचे शंख, कवट्या, बरगड्या करू लागली, हजारो वर्षांपूर्वीच्या वाटाव्यात अशा. पुण्याच्या प्रदर्शनात त्या काचेआड ठेवतात. गावात मात्र तिला ‘हाडवाली’ म्हणत. प्रदर्शन उरकून ती आज सकाळीच एसटीतून उतरली आणि थेट तळ्यावर आली. आल्या आल्या खड्ड्यात उतरली, हाडांजवळ बराच वेळ बसली आणि वर येऊन म्हणाली, “ही माझी हायेत.”

“मग इथं कशाला पुरली?” साहेबांनी विचारलं.

“गाळात मुरली की रंग चढतो.”

“आणि गावाला सांगितलं नाही?”

“गाव कवा इचारतंय मला?”

साहेबांनी हाडाचा तुकडा उचलून जिभेला लावला. “बघा, चिकटतो. जुनं हाड जिभेला चिकटतं. पुस्तकात आहे.”

सत्यभामेनं डोक्याला हात लावला. मग मजुरांच्या फुटक्या मडक्याचं एक खापर शोधून तिनं साहेबांपुढं धरलं. “आता हे चाटा.”

साहेबांनी इकडंतिकडं बघत चाटलं. खापरही चिकटलं.

“आमी चाटूनच भाजणी वळखतो, साहेब. मंग हे मडकंबी जुनं हाड हाय व्हय?”

लोक हसले. साहेब हसले नाहीत. पण ऊन, पत्रव्यवहार आणि हसणारं गाव, तिन्ही एकदम सोसायचा त्यांचा पिंड नव्हता. त्यांनी वैतागून कागद काढला. ‘सदर वस्तू मी स्वतः तयार करून पुरल्या आहेत.’ सत्यभामेनं सही केली.

पोकलेन सुरू झालं तसे गहिनीनाथ तिच्यावर उखडले. “तुझ्या खेळण्यापायी अख्ख्या गावाचे चार दिवस बुडाले. जाताना सांगून जायला काय झालतं?”

ती खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. मशीननं बरगड्यांचा चुरा केला आणि गाळाबरोबर ट्रॉलीत टाकला. तो गाळ कुणाच्या तरी शेतात पसरायला गेला. ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत ती तिथंच उभी होती.

घरी सासूनं, छबुबाईनं, तिच्यापुढं चहाचा कप आदळला. गावाचे टोमणे ऐकून तीही वैतागली होती.

“घरात जागा कमी पडली व्हय? येवढाली हाडं तळ्यात नेऊन पुरलीस कवा? मला कशी दिसली न्हाईस?”

“सात वर्षं फोटो बघून हाडं करायले, आत्याबाई,” सत्यभामा म्हणाली. “खरी आज पयल्यांदा बघितली.”