धारेची वेळ

श्रीगोंद्याहून आणलेली नवी गाय फार भित्री होती. धार काढताना गोठ्यात कुणी मोठ्यानं बोललेलं गहिनीनाथला चालायचं नाही. "बुजली की पान्हा चोरती," तिच्या पाठीवरून हात फिरवत तो हळू आवाजात सांगायचा.

सकाळी ओट्यावर त्यानं आपल्या लेकीला, ईश्वरीला, सातचा पाढा विचारला. ती 'सात चोक'लाच अडली.

"काल तर घडाघडा म्हनत हुतीस! आता काय झालं?" तो कडाडला. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर आता 'सात दुणे'लाच अडली.

संध्याकाळी तो धारेला बसला, तशी ईश्वरी दबक्या पावलांनी गोठ्यात आली आणि त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"पप्पा, आता पाढा विचारा," ती कुजबुजली. "हितं तुमी वरडत न्हाई."