तेलविहिरीखाली
लुइझियानातला रेमी तीस वर्षं समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाखालच्या खांबांमध्ये बुडी मारून भाल्यानं मासे टिपायचा. बायको ओडेट होडीत थांबायची. "एकदा खाली चल गं," तो म्हणायचा. "पुढच्या वर्षी," ती हसून टाळायची. तो वारल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात ओडेट बुडी मारायला शिकून, हवेची टाकी पाठीवर बांधून, त्याचीच भाल्याची बंदूक घेऊन उतरायला निघाली. "वहिनी, पाण्यात लांबचा मासा जवळ भासतो," रेमीचा बुडी मारण्यातला जोडीदार अल्सीद बजावत होता. "आणि मला मारू नका!" खाली खांबांमधून उन्हाचे झोत उतरले होते. लालबुंद तांबोशी मासळी समोर आली. तिनं श्वास सोडला, घोडा दाबला; नेम बसला. ती नकळत रेमीला दाखवायला वळली. होडीत अल्सीद म्हणाला, "रडताय कशाला? वीस पौंडांची आहे!" "इतकं सुंदर असतं खाली," ती म्हणाली. "मग त्यानं मला ओढून का नाही नेलं?"