चढता आकडा

डॉक्टर मॅडमनी तिन्ही रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि प्रत्येकातल्या एकाच आकड्याभोवती पेनाने गोल केला. बावीस. एकतीस. अठ्ठावन्न.

"काका, हे मला आज दाखवताय?"

"रक्त दर तीन महिन्यांनी दिलं, मॅडम. निफाडलाच. एकदाबी चुकवलं नाय," सावळीराम म्हणाला. शेजारी त्याची बायको चांगुणा पदर ओढून बसली होती. छातीतल्या गाठीचं, डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊन तिला दोन वर्षं झाली होती.

"मग रिपोर्ट घेऊन का आला नाहीत?"

"आकडा चढत होता ना. म्हटलं, रक्त भरतंय, चांगलं चाललंय, तर काढणीत नाशिकची खेप कशाला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

सावळीरामने चाळीस वर्षं द्राक्षं पिकवली होती. मणी फोडायचा, रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकायचा आणि डोळा लावून गोडी बघायची. चौदा, सोळा, अठरा. आकडा चढला की माल भरला. न चढणाऱ्या आकड्याने त्याची झोप उडायची, चढत्याने कधीच नाही. शेवटच्या रिपोर्टात तर आकडा जाड ठशात होता. चांगला आहे म्हणूनच उठून दिसेल असा छापला असेल, असं त्याने धरलं.

"हे रक्त भरल्याचं माप नाही, काका," मॅडम हळू बोलल्या. "या आजारात एक पदार्थ रक्तात वाढतो, तो यात मोजतात. तिसाच्या आत असला तर बरा. नुसत्या आकड्यावर काही ठरत नाही, पण चढायला लागला की लगेच पुढच्या तपासण्या करायच्या असतात." काल कंबरदुखी ऐकून त्यांनी काढायला लावलेल्या स्कॅनचा कागद त्यांनी वर घेतला. "आता मणक्यात आणि खुब्यात पसरलंय."

"दिवाळीत एकतीस झाला, तेव्हाच आलो असतो तर?"

"औषध तेव्हाच सुरू केलं असतं. अजूनही करू."

 

"यांना बोलू नका, मॅडम," चांगुणा मध्येच म्हणाली. "मीच म्हणले, माल उतरू द्या, मग जाऊ."

सावळीरामने तिच्याकडे बघितलं. ती असं कधीच म्हणाली नव्हती.

बाहेर येऊन दोघं बाकड्यावर बसले. औषधाची चिठ्ठी त्याच्या हातात तशीच होती.

"कंबर कधीपासून धरलीय?"

"झाले की चार-पाच महिने."

"आन मला आत्ता सांगती?"

"एकदा सांगायलाच आले होते बाहेर," चांगुणा म्हणाली. "तुम्ही फोनवर ललिताला सांगत होते, तुझ्या आईचं रक्त भरत चाललंय म्हणून. ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, हसू द्या."