नऊ नंबरची रेघ

कोल्ड स्टोरेजच्या चौदा खोल्यांत वायरलेस सेन्सर बसून वर्ष झालं होतं. प्रत्येक खोलीचं तापमान मोबाईलवर रेघ होऊन दिसायचं. ते सगळ्याच पाळ्यांना दिसायचं, पण फळाची एक पेटीसुद्धा सडली नाही ती फक्त मिस्त्रीकाकांच्या पाळीत. सेन्सर बसवणाऱ्या इंजिनियरबाई मुद्दाम त्यांची हातोटी बघायला आल्या.

काका स्टुलावर बसले होते. शेजारी पॅकिंगला असणाऱ्या काकू, त्यांची बायको. काकूंच्या एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताचं बोट नवऱ्याच्या तळहातावर फिरत होतं. या वयातही काय प्रेम आहे, म्हणून बाई गालातल्या गालात हसल्या.

"ही नऊ नंबरची," काकू म्हणाल्या.

"दार नीट लागलेलं नाही," काका म्हणाले. "आतल्या गार नळ्यांवर बर्फ धरला असता तर रेघ हळूहळू चढली असती. ही पायरीसारखी चढलीय."

बाई धावत गेल्या. नऊ नंबरच्या दारात खोक्याचा पुठ्ठा अडकला होता.

"कमाल आहे, काका. तुम्ही तर फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत."

काकूंनी आवाज खाली आणला. "सेन्सर बसले त्याच महिन्यात ह्यांची नजर गेली. मालकांना सांगणार का तुम्ही?"

बाईंनी दुसरं स्टूल ओढलं, डोळे मिटले आणि आपला तळहात काकूंपुढे धरला.

"चार नंबरची काढा बघू."