चौथी छाया

मंगळवारी दुपारी शर्वाणीच्या तीन डिजिटल छाया तिच्याच चेहऱ्याने, तिच्याच आवाजात तीन कंपन्यांच्या मीटिंगमध्ये बसल्या होत्या. एका कंपनीला दुसरीचा पत्ता नव्हता. चौथी छाया साताऱ्याला तिच्या वडिलांशी, नानांशी व्हिडिओवर बोलत होती.

"काय बाईसाहेब, जेवलात का?"

"हो नाना. तुम्ही?"

"जेवलो. छातीत जड वाटतंय जरा. पित्तच असणार."

"काळजी घ्या हं."

छायेने शर्वाणीला टिपण पाठवलं: वडील ठीक, पित्ताची तक्रार. तिने ते उघडलं नाही.

बुधवारी नाना चटईवर निजवलेले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती कौतुक होतं त्यांना! पोरगी कामात बुडालेली असली तरी रोज बोलते म्हणायचे."

शर्वाणी नानांजवळ बसली.

"नाना," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "वर्षभरात मी तुमच्याशी एकदाही बोलले नाही."