मालकच बोलला नाही तर

"मालकानं सांगितल्याशिवाय हे कुत्रं कुणालाच आत सोडत नाही ना?" त्या माणसानं विचारलं.

"नाही," रहिमान म्हणाला आणि कुत्र्याच्या पाठीवरून कंगवा फिरवत राहिला. चिखलीत आपल्या शेडमागं तो रखवालीची कुत्री पाळून, शिकवून विकायचा. हा शेरू जातीनं अलाबाई. नावात बाई असली तरी वासराएवढा नर. दूरच्या थंड मुलखातल्या मेंढपाळांनी लांडग्यांना तोंड द्यायला वाढवलेली ही जात. इकडच्या उन्हात तिला जपावं लागे. रोज विंचरायचं, दुपारी ओल्या पोत्यावर बसवायचं.

माणूस पस्तिशीचा, अंगात चाकणच्या कुठल्याशा कंपनीचा शर्ट. आल्यापासून त्यानं ना किंमत विचारली, ना पिल्लांकडं पाहिलं.

"मटण टाकलं तर?"

"परक्या हातचं खात नाही. मीच तसं शिकवतो."

"गुंगीचं औषध?"

रहिमानचा हात थांबला. "भाऊ, तुमचं कुत्रं आहे कुठं?"

"मोशीत." त्यानं नजर चुकवली. "म्हणजे, माझं नाही तसं."

मोशीत रहिमाननं एकच अलाबाई विकला होता, उद्धवरावांना. नदीकडेच्या घरात म्हातारा एकटाच राहायचा. "मी सांगितल्याबिगर फाटकातनं कुणी आत याया नको," असं त्यांनी बजावलं होतं. रहिमाननं तिथं खेपा घालून कुत्र्याला तेवढंच पक्कं शिकवलं होतं.

"आणि मालकच बोलू शकत नसला तर?" माणसानं हळूच विचारलं.

एका हातानं रहिमाननं शेरूचा पट्टा गच्च धरला, दुसऱ्या हातानं उद्धवरावांना फोन लावला.

फोन त्या माणसाच्या खिशात वाजला.

शेरू गुरगुरला. "हलू नकोस," रहिमान म्हणाला. "त्यांचा फोन तुझ्याकडं कसा? काय केलंस त्यांचं?"

माणूस पळाला नाही. वाजणारा फोन हातात घेऊन तो नुसता बघत राहिला.

"दवाखान्यात दिला माझ्याकडं. मी सुजित, अण्णांचा मुलगा. कित्येक वर्षं आम्ही बोलत नव्हतो." त्यानं फोन बंद केला. "शववाहिनी सकाळपासून फाटकाशी उभी आहे. कुत्रं अण्णांना घरात येऊ देत नाही."