क्लचवर हात

अपघातात पाय लुळे पडल्यापासून ती जीपमध्ये नुसती शेजारी बसायची. यंदा वेल्डर नवऱ्याने क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरला हाताने चालवायच्या दांड्या जोडून तिला स्टिअरिंगमागे बसवलं. दोघं दूर माळरानात असताना एका दणक्यासरशी क्लचची दांडी तुटली. वेल्डिंग मशीन घरी, फोनला रेंज नाही. “मी चालवतो आता, तुला इकडे बसवतो,” तो सहज बोलून गेला. तिने स्टिअरिंग सोडलं नाही. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्याने जीभ चावली. मग शेजारच्या सीटवरून वाकून त्याने क्लचच्या पेडलवरच हात ठेवला. “सांग, कधी दाबू?” “दाब! आता सोड. अरे, हळू!” आचके देत जीप निघाली. त्याला रस्ता दिसत नव्हता, दिसत होती फक्त तिची निश्चल पावलं. “उजवीकडे तळं आहे,” वरून ती सांगू लागली, “केवढे पक्षी उतरलेत!”